लाईट गेली की लँडलाइन पण गप आणि मोबाईल पण गप, हे कंपनीवाले नेमकं चालवतात तरी कसं?

कोयनाकाठ
राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा. आमचं गाव कराड-पाटण रोडला, मी असतो साताऱ्यात एमआयडीसीत, गावी आई-आण्णा दोघंच. आण्णांची लँडलाइन फार जुनी, ०२३७२ वाली, दुकानाच्या पाटीवर, सोसायटीच्या वहीत, पाहुण्यांच्या डायऱ्यांत सगळीकडं तोच नंबर त्यामुळं तो सोडायचा नाही ही त्यांची अट. मध्यंतरी कंपनीनं तांब्याची वायर बंद करून फायबर दिली, नंबर तोच राहिला, आवाज खणखणीत, वर नेट पण आलं, सगळे खूश. पण आता लाईट गेली की फोन मेला. आधी पावसाळ्यात आमच्याकडं दिवस-दिवस लाईट नसायची तेव्हा पण तो डबा वाजायचा, आता का नाही?

दुसरं म्हणजे मोबाईल. त्याच कंपनीचं सिम, टॉवर माळाच्या पलीकडं, अंगणातून दिसतो. लाईट गेल्यावर तास-दोन तास रेंज असते मग ती पण गायब. आणि लाईट असताना पण घरात एकच काडी, मागच्या गोठ्यात गेलं की फुल.

आणि खरा प्रश्न हा. गेल्या आठवड्यात लाईट होती, पाऊस नाही, वारा नाही, तरी दोन्ही एकदम बंद. दुपारपासून रात्रीपर्यंत. मी साताऱ्यातनं कॉल सेंटरला लावला तर म्हणे "कराडजवळ फायबर कट आहे सर". आता लँडलाइन फायबरवर आहे हे समजलं, पण मोबाईल तर वायरलेस ना? त्याचा कराडच्या वायरीशी काय संबंध? कोणी या लाईनीतलं असेल तर नीट सांगा. "पोर्ट मारा" हा सल्ला कृपया नको, तिथं दुसऱ्या कंपनीचं पण तेच हाल आहेत.

भडंग_स्पेशल
पोर्ट मारा 😀
बरं जाऊ दे. आमच्याकडं जयसिंगपूर साईडला पण हेच चाललंय, एक कंपनी गेली की अर्ध्या तासात दुसरी जाते, जणू काय एकमेकांना सांगून जातात. मी पण बसतो धाग्यावर, कोणीतरी जाणकार येऊ दे.

पिलर_नंबर_७
आलो बघा जाणकार. मी सरकारी टेलिफोनात लाईनमन होतो, कराड-पाटण-मल्हारपेठ सगळं पायाखालचं, आता रिटायर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे पण जरा मागनं सांगतो.

जुन्या फोनला घरात करंट लागायचाच नाही कारण त्याचा करंट एक्स्चेंजमधनंच यायचा. एक्स्चेंजला बॅटरी रूम असते, २ व्होल्टचे एकेक सेल असे २४ सेल ओळीनं, झाले ४८ व्होल्ट. ते ४८ व्होल्ट तांब्याच्या जोडीवरनं थेट तुमच्या घरातल्या रोझेटपर्यंत, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीपर्यंत. आणि हे मायनस ४८ असतंय, म्हणजे पॉझिटिव्ह बाजू अर्थिंगला, का तर ओल लागली तरी तांबं खाऊन जाऊ नये म्हणून. रिसीव्हर उचलला की सर्किट पुरं होतंय, एक्स्चेंजला कळतंय की गडी बोलायला उठला, मग डायल टोन. घंटी वाजवायला वेगळा एसी सोडतात, ७५ व्होल्टच्या आसपास. जोड मारताना ऐन वेळी कोणाचा फोन आला की हाताला असा झटका बसायचा की शिडीवरनं खाली बघायला लागायचं. बाहेर लाईट गेली तर बॅटरी, बॅटरी उतरायला लागली तर जनरेटर. एक्स्चेंज एक, बॅटरी एक, आणि तिच्यावर अख्खं गाव बोलायचं.

रस्ता कसा असायचा ते पण सांगतो, आता बघायला मिळायचा नाही. एक्स्चेंजमधनं मोठी केबल निघायची एमडीएफवरनं. एमडीएफ म्हणजे लोखंडी घोडा, एका अंगाला एक्स्चेंजचे नंबर, दुसऱ्या अंगाला बाहेरच्या जोड्या, मधी त्यांना जोडणाऱ्या जंपर वायरी. तिथनं जमिनीतनं पिलरला. पिलर म्हणजे चौकाचौकात ते लोखंडी कपाट असायचं, ज्याच्यावर पोस्टर चिकटवायचे आणि मागं उभं राहून लोक काय करायचे ते विचारू नका. पिलरमधनं छोटी केबल डीपीला, डीपी म्हणजे जोड्या वाटायचा डबा, खांबावर नाहीतर भिंतीवर, आणि डीपीपासनं तुमच्या घरापर्यंत ड्रॉप वायर. फॉल्ट कुठला हे बसल्या जागी कळायचं नाही. आधी एमडीएफवर टेस्ट, मग पिलर उघडा, तिथं टोन हाय का बघा, मग डीपी. मधल्या जॉइंटमधी पाणी शिरलं की एकाच वेळी वीस-पंचवीस फोनांत खरखर. केबलमधी जेली भरलेली असायची पाणी जाऊ नये म्हणून, पण जॉइंट मारणाऱ्यानं आळस केला की जेलीचा काय उपयोग. पांढरा-निळा, पांढरा-नारंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी, मग लाल-निळा, या रंगांच्या जोड्या मला अजून झोपेत पण पाठ हायत.

आणि सगळं सोन्यासारखं होतं असं पण नाही. पहिल्या पावसात निम्मी पाटण लाईन बंद असायची, तांबं चोरीला जायचं, आणि एक्स्चेंजपासनं तीन-चार किलोमीटरच्या पुढं ब्रॉडबँड रडतच चालायचं कारण तांब्यावर जसं लांब जाल तसा तो सिग्नल मरतो. म्हणून कंपन्यांनी तांबं सोडलं. फायबर काचेची, काचेतनं करंट जात नाही, प्रकाश जातो. म्हणून घरात लाईट नसली की फोन नाही. फायबरचं बाकीचं त्यातल्या पोरांनी सांगावं, मला ते चष्म्याशिवाय दिसत पण नाही.

कोयनाकाठ
काका एकच नंबर. म्हणजे आधी आमच्या फोनचं लाईट बिल एक्स्चेंज भरत होतं म्हणा की! आण्णांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले "मल्हारपेठचं एक्स्चेंज मी बघितलंय, खोलीएवढं होतं".

पिलर_नंबर_७
बरोबर बोलले. गावागावात ती सी-डॉटची छोटी एक्स्चेंज होती, १२८ लाईनींची. सी-डॉट म्हणजे सरकारची टेलिफोनची संशोधन संस्था, १९८४ साली निघाली ती याच्यासाठीच, आपल्या धुळीत, उन्हात, एसी नसताना चालेल असं एक्स्चेंज करायचं म्हणून. त्याच्या आधी ट्रंक कॉल बुक करून बसायचं, साताऱ्याहून मुंबई लागंस्तवर माणूस जेवून यायचा.

जोडणीवाला_तासगाव
फायबरचं मी सांगतो, रोजचं काम आहे, कंपनीचा माणूस नाही, ठेकेदाराकडं आहे. (हे पण लक्षात ठेवा, तुमच्या दारात येतो तो बहुतेक वेळा कंपनीचा नसतोच, शर्टावर नाव असलं तरी.)

एक्स्चेंजमध्ये किंवा कंपनीच्या छोट्या केबिनेटमध्ये ओएलटी नावाचं मशिन असतं. त्याच्या एका पोर्टमधून एक फायबर निघते, ती गावात स्प्लिटरला येते. स्प्लिटर म्हणजे काड्यापेटीएवढा डबा, त्याला लाईट लागत नाही, बॅटरी लागत नाही, आत काचेतच प्रकाश वाटला जातो, १ चे ८, १ चे ३२ असं. तिथून तुमच्या घरात, घरात ओएनटी म्हणजे ते राउटरसारखं. म्हणजे ओएलटीपासून तुमच्या भिंतीपर्यंत मध्ये कुठंच करंट नाही, फक्त दोन टोकांना लागतो. ओएलटीला कंपनीची बॅटरी आहे. तुमच्या टोकाला काय आहे? काहीच नाही. त्या ओएनटीचा ॲडॉप्टर बघा, शक्यतो १२ व्होल्टचा असेल. बाजारात १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, राउटरसाठीचाच, तो लावा, दोन-चार तास फोन आणि वायफाय दोन्ही चालेल. घेताना ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, दुकानदार काहीही गळ्यात मारतो.

आता फायबर कट. लोकांना वाटतं आम्ही बहाणे करतो. पुणे-कोल्हापूर हायवेचं शेंद्रे ते कागल सहापदरीचं काम जेव्हापासून निघालंय तेव्हापासून जेसीबीच्या दाताला काय काय लागलंय ते आम्हाला विचारा. सगळ्या कंपन्यांच्या केबल रस्त्याच्या कडेनंच गेल्यात, कधी कधी एकाच चरात, म्हणून एकाच घावात तीन कंपन्या जातात. भडंगवाले, तुमचं "एकमेकांना सांगून जातात" ते यामुळं. खोदायच्या आधी कळवायचं म्हणून सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप काढलंय, चांगलं आहे, पण जेसीबीवाला मुकादमाचं ऐकतो आणि मुकादमाला संध्याकाळपर्यंत चर पाहिजे असतो.

आणि आमच्याकडची खासियत म्हणजे ऊस. सीझन चालू झाला की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर दुमजली ऊस, आणि खांबावरनं रस्त्याला आडवी गेलेली फायबर जरा जरी खाली लोंबली की उसाच्या शेंड्यात अडकून ओढत कारखान्यापर्यंत. ड्रायव्हरला पत्ता पण नसतो.

कट सापडतो कसा? ओटीडीआर म्हणून मशिन आहे, एका टोकाला लावायचं, ते प्रकाश सोडतं आणि परत किती वेळानं किती आला त्यावरनं सांगतं की इतक्या किलोमीटरवर तुटलीये. आता मशिन सांगतं केबलची लांबी, आणि केबल प्रत्येक चेंबरमध्ये वेटोळं घालून जास्तीची ठेवलेली असते, त्यामुळं रस्त्यावर ती जागा अलीकडं असते, अंदाज अनुभवानं घ्यायचा. मग खड्डा, मग चिखलातनं दोन्ही टोकं वर काढायची, गाडीत नाहीतर ताडपत्रीखाली बसायचं. २४ कोअरची, म्हणजे आत २४ काचेच्या तारा असलेली केबल असेल तर २४ जोड. एकेक कोअर सोलायची, स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हरनं सरळ कापायची, मशिनमध्ये समोरासमोर ठेवायची, मशिन स्क्रीनवर दाखवतं, बारीक ठिणगी पडते, काच वितळून एक होते, मग स्लीव्ह गरम करून बसवायची. केसाएवढी काच, आणि त्यात प्रकाश जातो तो मधला भाग ९ मायक्रॉन. वाऱ्यानं धुरळा बसला की परत काप. रात्री दोन वाजता ट्रक अंगावरनं जातायत आणि वरनं सुपरवायझरचा फोन, "किती कोअर झाल्या?"

घरात लाल दिवा लागला, एलओएस लिहिलेला, तर प्रकाश येत नाही असं समजा, बाहेर तुटलीये नाहीतर घरात कोणीतरी वायर दारात चेपलीये. फायबरला काटकोनात मोडू नका, खिळ्याला गुंडाळू नका. निम्म्या तक्रारी एवढ्याच असतात.

भडंग_स्पेशल
ऊस वाचून खुर्चीतनं पडलो. आमच्या गल्लीतली अशीच गेली होती, लोक म्हणत होते माकडानं तोडली.

जोडणीवाला_तासगाव
माकडं पण तोडतात, खारी पण कुरतडतात. त्यांची बदनामी सगळीच खोटी नाही.

मिरजेची_नॉकवाली
मोबाईलचं मी सांगते. मूळ मिरजेची, पुण्यात एका टेलिकॉम कंपनीच्या कंट्रोल रूमला शिफ्टमध्ये असते, त्याला आम्ही नॉक म्हणतो. समोर स्क्रीनवर हजारो टॉवरची यादी आणि लाल-पिवळे अलार्म.

मोबाईल वायरलेस आहे तो फक्त तुमच्या हातापासून टॉवरपर्यंत. बास. तिथून पुढं तो जमिनीवरच चालतो. टॉवरच्या वर ते लांब पट्ट्यासारखे अँटेना असतात, त्यांच्यामागं रेडिओचे डबे, खाली केबिनेटमध्ये सिग्नलवर प्रक्रिया करणारं बेसबँड मशिन, आणि तिथून मागं जायला एकतर फायबर नाहीतर ती गोल ढोलकीसारखी डिश, मायक्रोवेव्ह. डिश असली तर ती समोरच्या डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरला बघत असते, मध्ये डोंगर आला की संपलं, आणि तो दुसरा टॉवर मग फायबरवर. म्हणजे आज ना उद्या फायबरवर यायचंच आहे. तुमच्या खोऱ्यातले सगळे टॉवर कराडला गोळा होतात असं धरा, तिथून सातारा, पुणे, आणि पुण्या-मुंबईकडं कुठंतरी कंपनीचं कोअर, म्हणजे सगळ्या नेटवर्कचा मेंदू. सिम चालू आहे का, पैसे आहेत का, हा नंबर आत्ता कुठल्या भागात आहे, हे सगळं कोअरला माहीत असतं, टॉवरला नाही. तुम्ही शेजारच्या घरात फोन लावलात तरी त्याची बोलणी आधी कोअरशी होतात. मग कराडला केबल तुटली तर तुमच्या अंगणातला टॉवर धडधडीत उभा, करंट आहे, पण मागं जायला वाट नाही. असं झालं की तो बहुतेक वेळा स्वतःच सिग्नल सोडायचं थांबवतो, उगाच फोनला चिकटवून ठेवून फायदा नसतो, आणि तुम्हाला दिसतं "नो सर्व्हिस".

त्यात अजून एक. नवीन कंपन्यांत फायबरवरची लँडलाइन आणि फोर-जीवरचा कॉल, म्हणजे व्होल्टे, दोन्हीचा आवाज डेटाच्या पाकिटांतूनच जातो आणि बऱ्याच ठिकाणी एकाच प्रकारच्या यंत्रणेतून, आयएमएस म्हणतात. आण्णांचा ०२३७२ आणि तुमचं सिम ही कंपनीच्या लेखी आता दोन वेगळी नेटवर्कं नाहीतच, शेवटची वाट तेवढी वेगळी, एकीला काच आणि एकीला हवा. काकांच्या काळात टेलिफोनचा विभाग वेगळा, मोबाईलचा वेगळा, माणसं पण वेगळी. आता एकच नॉक दोन्ही बघतो.

यावर उपाय म्हणून रिंग करतात. कराडहून टॉवरकडं एक वाट आणि उलट्या बाजूनं फिरून दुसरी, एक तुटली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरीकडनं चालू, कोणाला कळत पण नाही. हायवेवरच्या गावांना हे मिळतं. पण तुमचं खोरं म्हणजे एका बाजूनं आत जायचं आणि त्याच बाजूनं बाहेर यायचं. रिंग पुरी करायची तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडनं आणायची, घाटात दरडी, जंगल खात्याची परवानगी, आणि त्या टोकाला गिऱ्हाईक किती. कंपनी हा हिशेब करते आणि डिशवर भागवते. आणि कागदावर दोन वाटा असल्या तरी दोन्ही केबल एकाच चरात टाकल्या असतील तर एका जेसीबीला दोन्ही पुरतात. हे मी स्क्रीनवर बघितलेलं आहे, दोन्ही अलार्म एकाच सेकंदाला.

कोयनाकाठ
आता ट्यूब पेटली. मग लाईट गेल्यावर तासा-दोन तासात रेंज जाते ते? जनरेटर नसतो का? आणि टॉवर समोर असून काडी एकच का?

मिरजेची_नॉकवाली
टॉवर पण ४८ व्होल्टवरच चालतो, काकांच्या एक्स्चेंजसारखाच, ती पद्धत टेलिफोनातूनच आलीये. एमएसईबीची लाईट येते, रेक्टिफायर तिचा डीसी करतो, बॅटऱ्या भरतो. लाईट गेली की माझ्याकडं "मेन्स फेल" येतं. हे रोज शेकड्यानं येतं, कोणी मान पण वर करत नाही. मग जिथं डीजी म्हणजे डिझेल जनरेटर आहे तिथं "डीजी ऑन". जिथं नाही तिथं काही वेळानं "बॅटरी लो", तेव्हा फोनाफोनी चालू होते. त्या स्टेजला बऱ्याचदा फाईव्ह-जी आणि वरचे बँड आधी बंद करतात म्हणजे साधा कॉल तरी जास्त वेळ टिकेल. मग "साईट डाऊन". बॅटरी जुनी झाली असेल तर हे सगळं तासाभरात उरकतं, आणि गावाकडच्या बॅटऱ्या भरायच्या आधीच परत लाईट जाते त्यामुळं त्या लवकर म्हाताऱ्या होतात. बॅटऱ्या चोरीला जातात, डिझेल चोरीला जातं, हल्ली तर वरचे रेडिओ पण उतरवून नेतात.

आणि टॉवर "त्याच कंपनीचा" असं तुम्ही म्हणालात, पण बहुतेक तसं नसणार. लोखंड, जागा, बॅटरी, डिझेल हे टॉवर कंपनीचं असतं, इंडस टॉवर्ससारख्या कंपन्या फक्त हाच धंदा करतात, आणि तुमची मोबाईल कंपनी तिथं भाडेकरू. एका टॉवरवर दोन-तीन भाडेकरू असतात. म्हणून लाईटीच्या कारणानं गेला तर सगळे जातात. डिझेल भरणारा तिसऱ्याच एजन्सीचा, फायबरवाला चौथ्याच ठेकेदाराचा. कॉल सेंटरच्या मुलीला यातलं काही दिसत नाही, तिला फक्त एक ओळ दिसते, ती तुम्हाला वाचून दाखवते. तिच्यावर ओरडू नका.

एका काडीचं : अँटेना शक्यतो तीन दिशांना असतात, प्रत्येकी साधारण १२० अंश, आणि जरा खाली झुकवलेले. तुमचं घर दोन अँटेनांच्या सांध्यात असेल, नाहीतर झुकाव पलीकडच्या वस्तीकडं असेल, किंवा मुळात त्या टॉवरवर तुमची कंपनी नसेलच आणि तुमचा फोन लांबचा टॉवर धरत असेल. मध्ये भिंत कसली आहे ते पण बघा, जांभा-दगडाची जाड भिंत आणि वर पत्रा असेल तर सिग्नल आत यायचं कठीण. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे सिग्नल लांब जातात आणि भिंतीतून पण बऱ्यापैकी शिरतात, फाईव्ह-जीचा ३३०० वाला स्पीड देतो पण भिंतीला घाबरतो. आणि बोलणं दोन्हीकडनं असतं. टॉवर चाळीस-चाळीस वॅटनं ओरडतो, तुमचा फोन फोर-जीत जास्तीत जास्त ०.२ वॅट. त्यामुळं काड्या दिसतात, समोरचा ऐकू येतो, पण त्याला तुमचं "हॅलो हॅलो" पण नीट ऐकू जात नाही.

घरात वायफाय आहे तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. मिनी यूपीएस असेल तर लाईट गेल्यावर टॉवर बसला तरी फायबरवरून मोबाईलचा कॉल लागेल. कट झाला तर मात्र दोन्ही गेलं, ते कळलंच असेल.

कंदी_पेढा
मध्येच विचारते, सॉरी. आमच्या कोरेगाव साईडला सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा होता, लोकांनी रेडिएशन म्हणून हाणून पाडला, आणि आता तेच लोक रेंज नाही म्हणून बोंबलतायत. खरं काय त्यात?

मिरजेची_नॉकवाली
आपल्याकडं टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. सरकारचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, त्यावर तुमच्या आजूबाजूचे टॉवर आणि ते नियमात आहेत का ते दिसतं. आणि टॉवर जितका लांब तितका तुमचा स्वतःचा फोन जास्त ताकदीनं ओरडतो, तो कानाला असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगून बघा, ऐकतील असं नाही. खरं भांडण भाड्याचं असतं आणि नाव रेडिएशनचं, असं पण बघितलंय.

सांगलीवाडी_०२३३
२०१९ च्या पुरातलं सांगतो, कारण बॅटरी-डिझेल वाचलं आणि आठवलं. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडं टॉवर गच्चीवर म्हणजे पाण्याच्या वर, पण त्याचं मीटर, डीजी, केबिनेट कुठं कुठं तळमजल्याला. लाईट तर महावितरणला बंद करायलाच लागते, पाण्यात करंट सोडून कसं चालेल. मग डिझेल. टॉवर चालू ठेवायचा तर बोटीतनं कॅन नेऊन भरायचे, आणि त्या बोटी आधी माणसं काढणार का डिझेल नेणार. आणि टॉवर चालू असला तरी लोकांचे फोन कुठं चार्ज होते? ज्याच्याकडं ट्रॅक्टर नाहीतर इन्व्हर्टर त्याच्या दारात पन्नास मोबाईल. साधे बटणवाले फोन तेव्हा खरे कामाला आले, एका चार्जिंगवर टिकायचे.

हल्ली आपत्तीच्या वेळी सरकार इंट्रा सर्कल रोमिंग चालू करायला लावतं म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर बसला तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर फोन लागतो. फोनमध्ये नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवर ठेवा, मॅन्युअल करून ठेवलं असेल तर फोन दुसरीकडं बघतच नाही. आमच्याकडं दर जुलैला हे मी घरातल्या सगळ्यांचं तपासतो.

पिलर_नंबर_७
एक्स्चेंजला आमच्यावेळी पण हेच. बॅटरी रूम खाली आणि स्विच रूम वर असली की पाणी बॅटरीत शिरलं की वरचं सगळं सुकं असून बंद. बॅटरी जड म्हणून तळमजल्याला ठेवायची, दुसरं काय कारण नव्हतं.

कोयनाकाठ
सगळ्यांचे लय आभार. रविवारी गावी गेलो होतो. मिनी यूपीएस बसवला, ॲडॉप्टर १२ व्होल्टचाच निघाला. मेन स्विच पाडून बघितलं, लँडलाइन चालू, आण्णांनी तेवढ्यात मल्हारपेठच्या मावशीला फोन लावून "लाईट नसताना बोलतोय" असं दोनदा सांगितलं. मग टॉवरपर्यंत चालत गेलो. फाटकावर पाटी आहे, त्यावर टॉवर कंपनीचं नाव वेगळंच, साईट आयडी, आणि एक हेल्पलाइन नंबर. वॉचमन म्हणून एक आजोबा, म्हणाले डीजी आहे पण गेल्या पावसाळ्यापासून चालू झाला नाही. आता तक्रार कुणाकडं करू, आमच्या कंपनीकडं का या पाटीवाल्याकडं?

मिरजेची_नॉकवाली
दोन्हीकडं. पाटीवाल्याला डीजी बंद आहे हे सांगा, साईट आयडीसकट. पण तुमचा करार तुमच्या कंपनीशी आहे, म्हणून तिच्याकडं तक्रार नोंदवून डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर घ्या आणि त्यात साईट आयडी लिहा. "आमच्या गावात रेंज नाही" अशी तक्रार आमच्यापर्यंत कधीच पोचत नाही, साईट आयडी असलेली थेट त्या टॉवरच्या खात्यावर येऊन पडते. उत्तर समाधानाचं नसेल तर कंपनीच्याच अपील विभागात अपील करता येतं, ते फुकट आहे, फार कमी लोक करतात. आणि ट्रायचे, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाचे, २०२४ चे नवीन नियम आहेत, जिल्ह्याच्या पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला बिलात सूट, प्रीपेडला दिवस वाढवून. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलीये. एका गावाचा एक टॉवर बसला तर ते यात बसत नाही, ते मला पण पटत नाही पण नियम तसा आहे.

कोयनाकाठ
करतो आजच. काका एक शेवटचं, आण्णा विचारतायत की लँडलाइनवरनं मोबाईल लावताना आधी शून्य कशाला लावायला लागतो, साताऱ्यातल्या साताऱ्यात पण.

पिलर_नंबर_७
१५ जानेवारी २०२१ पासनं तसं केलंय, मोबाईलचे नवीन नंबर काढायला मालिका मोकळ्या व्हाव्यात म्हणून. सवय होईल म्हणावं.

आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्या घरातली जुनी तांब्याची वायर भिंतीत तशीच असेल, माजघरातनं वरच्या खोलीत वगैरे. ती काढू नका. ओएनटीच्या मागं फोनचं पोर्ट असतंय, त्याची वायर जुन्या रोझेटला जोडली की घरात जिथं जिथं जुनं कनेक्शन होतं तिथं फोन लावला की वाजतोय. फक्त आधी बाहेरनं आलेली ड्रॉप वायर रोझेटपासनं तोडून टाका, दोन्ही टोकं टेप मारून ठेवा. ती बाहेर डीपीला लटकत असेल, पावसाचं पाणी, वीज काय पण आत आणती, आणि ते थेट तुमच्या नवीन डब्यात जाईल.

जोडणीवाला_तासगाव
काका म्हणतात ते शंभर टक्के. असे दोन-तीन ओएनटी जळालेले मी बदलून दिलेत. रोझेट उघडलात की फोटो टाका इथं, कुठली वायर सोडायची ते सांगतो.